जरा पित्त झालंय, बाकी काही नाही

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकबाईंनी दोन अटी घातल्या. औषधांची जाहिरात करायची नाही आणि पेशंटांची खरी नावं द्यायची नाहीत. पहिल्या अटीचा प्रश्नच येत नाही, कारण ज्या दवाखान्यात मी इतकी वर्षं काढे उकळले तो गेल्या वर्षी बंद झाला. तिथे आता नखं रंगवून देतात. दुसरी अट पाळली आहे. शिवाय ज्यांच्याबद्दल मुख्यतः लिहायचं आहे त्या बाईंना हे आधी वाचून दाखवलं. "माझं वजन लिहू नका, बाकी सगळं लिहा," एवढंच त्या म्हणाल्या.

मी पुण्याची वैद्य. आयुर्वेदाची रीतसर पदवी घेतली, एका बुजुर्ग वैद्यांच्या हाताखाली काही काळ काम केलं. मग लग्न झालं, नवऱ्याला इकडे इंग्लंडात नोकरी लागली आणि माझी पदवी बॅगेच्या तळाशी गेली ती गेलीच. इथे तिला कुणी विचारेना. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी एका फार्मसीत काउंटरवर उभी राहिले. खोकल्याची औषधं, सनक्रीम, बाळांच्या नॅपी विकल्या. त्यात वाईट काही नव्हतं. पण एखादी बाई ओढलेल्या चेहऱ्यानं समोर येऊन उभी राहिली, की तिची नाडी बघायला माझी बोटं शिवशिवायची. पैसे घेऊन सुटे द्यायचे आणि गप्प बसायचं, एवढंच हातात होतं.

लंडनच्या नैऋत्येला न्यू मॉल्डन नावाचं उपनगर आहे. तिथे दुकानांच्या पाट्या कोरियन, भाज्या कोरियन, न्हावीसुद्धा कोरियन. एकदा तिथून चालले असताना ओळखीचा वास आला. ज्येष्ठमध, सुंठ आणि दालचिनी एकत्र उकळत होती. इंग्लंडात येऊन मला पहिल्यांदा माहेरचा वास आला असं म्हटलं तर चालेल. वासाचा माग काढत आत गेले. दारातच 'मदतनीस पाहिजे' असा कागद होता.

दवाखाना एका कोरियन वैद्य बाईंचा होता. त्यांचं आडनाव नाम. मी नाव विचारलं आणि त्या म्हणाल्या "नाम", तेव्हा मला हसू आवरेना. कारण सांगितल्यावर त्याही हसल्या आणि मला नोकरी मिळाली. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. मी मनातल्या मनात कायम नामबाई म्हटलं. अंगानं बारीक, केस आखूड, बोलणं कमी. समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत त्या पेन हातात घेत नसत. ही सवय मी दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरमध्ये पाहिली नाही, माझ्या पुण्याच्या गुरुजींमध्येही नाही.

आमचं काम बाहेरच्या माणसाला नीट कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. नामबाई पेशंटला तपासत. दोन्ही मनगटांची नाडी, जीभ, पोट. मग त्या चिठ्ठी लिहीत आणि तिथून पुढे माझं राज्य. भिंतभर लाकडी खण होते. एकेका वनस्पतीचं वजन करायचं, कापडी पिशवीत भरायचं, पिशवी मोठ्या बंद भांड्यात टाकून पाण्यात दोन-अडीच तास उकळायची. तयार काढा गरम असतानाच यंत्रातून छोट्या पाकिटांत भरला जाई. पेशंटनं रोज जेवणानंतर एक पाकीट कोमट करून प्यायचं. चव विचारू नका. शेजारच्या ड्रायक्लीनरची तक्रार अशी, की त्याच्या गिऱ्हाइकांचे सूट घरी गेल्यावर सूप केल्यासारखे वास मारतात.

झोप उडालेल्यांच्या आणि घाबऱ्या झालेल्यांच्या काढ्यात एक गोष्ट हमखास असे, बोराच्या बिया. आपण बोर खातो आणि बी थुंकतो. कोरियन लोक ती बी मंद आचेवर भाजतात, आयत्या वेळी कुटतात आणि झोपेच्या काढ्यात घालतात. शेंगदाणे भाजायचा हात असल्यामुळे माझी एकही बी कधी करपली नाही. नामबाईंनी कौतुक म्हणून केलेलं हे एकमेव विधान आहे, तेव्हा इथे नोंदवून ठेवते.

आमच्याकडे निम्मे पेशंट पाठदुखीचे. पण लक्षात राहिले ते दुसरे. इंग्रजीत त्यांच्या आजाराला सरळ 'अँग्झायटी' म्हणतात. मराठीत 'चिंताविकार' हा शब्द आहे, पण तो वर्तमानपत्रात. माझ्यासमोर बसून एकाही मराठी माणसानं "मला चिंताविकार आहे" असं म्हटलं नाही. छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, हातापायांतलं बळ जातं, असंच सगळे सांगत. कोरियन बायकाही आजाराचं नाव घेत नसत. छातीवर मूठ आपटून "दाप-दाप" म्हणत, म्हणजे आत काहीतरी दाटलंय, कोंडलंय. नामबाईंना हे शब्द पुरत. मराठी पेशंट आला की त्या मला आत बोलावत आणि म्हणत, "त्यांना त्यांच्या भाषेत सांगू दे, तू मला सांग."

मराठी पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पथ्य काय?" पथ्य नसेल तर औषधात दम नाही, अशी आपली समजूत. कॉफी बंद, बर्फाचं पाणी बंद, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. आंबट सोडायला सांगितलं की चेहरा खुलायचा. हॅरोच्या एका काकूंना नामबाईंनी गहू, बोरं आणि ज्येष्ठमध एवढ्या तीनच वस्तूंचा काढा दिला. सारखं रडू येणाऱ्यांसाठी हे फार जुनं औषध आहे. काकू आधी नाराज झाल्या, गहू तर आम्ही रोज खातो म्हणाल्या. नंतर कळलं, की चतुर्थी, एकादशी आणि सोमवारी त्या काढा घेतच नव्हत्या. उपासाला गहू कसा चालेल? नामबाईंना हे समजावून सांगायला मला अर्धा दिवस लागला.

दुसरा एक मुलगा आठवतो. मुलगा म्हणजे तिशीचा, नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये. छाती सारखी धडधडते, हात थरथरतात, मीटिंगमध्ये घाम फुटतो. "मॅम, प्लीज जीपीला इन्व्हॉल्व्ह नका करू. रेकॉर्डवर आलं तर व्हिसाचे वांधे होतील." असं काही होत नसतं, पण तिथल्या पोरांमध्ये ही अफवा पक्की बसलेली. नामबाईंनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि लगेच काढून घेतली. आधी रक्त तपासून ये, मग बघू, म्हणाल्या. तो चिडून गेला. पण गेला जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे. थायरॉइड वाढलेलं निघालं, त्याची औषधं सुरू झाली आणि आमच्या काढ्याची त्याला गरजच पडली नाही. आमचा नियम असा होता, की धडधडीचा पहिला मान जीपीचा. घाबरलेल्या माणसाला दुसरा काही आजार होत नाही असं थोडंच आहे? काही पेशंट मात्र हा नियम ऐकून उठून जात आणि परत येत नसत. त्यांचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही. त्यांतल्या दोघा-तिघांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात.

आता वृंदाताई.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पानगळ सुरू झाली होती. वय साठीच्या अलीकडे, ठेवणीतला कोट, चेहऱ्यावर हसू. स्टॅनमोरहून त्यांच्या यजमानांनी गाडीनं आणलं होतं, आणि तेही मोटरवे टाळून, आतल्या रस्त्यांनी. मोटरवेवर मध्येच उतरता येत नाही, म्हणून. यजमान त्यांना दारापर्यंत सोडून गाडीत जाऊन बसले. जाता जाता मला म्हणाले, "तिला जरा ॲसिडिटीचा त्रास आहे."

आत आल्यावर वृंदाताईंनीही तेच सांगितलं. "मला नं, जरा पित्त झालंय. बाकी काही नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली असतील दोनेक वर्षं."

दोन वर्षं टिकणारं पित्त म्हणजे कमालच. नामबाई ऐकत राहिल्या आणि हळूहळू बाकीचं बाहेर आलं. कोविडमध्ये पुण्याला त्यांचा धाकटा भाऊ गेला. विमानं बंद होती. त्याचं शेवटचं सगळं त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं. तेव्हा रडल्याही नाहीत, कारण घरून कामाचे कॉल चालू होते. सगळं सुरळीत झाल्यावर एके दिवशी सुपरमार्केटच्या रांगेत उभ्या असताना अचानक छातीत धडधडायला लागलं, हात बधिर झाले, आता आपण मरणार अशी खात्री झाली. भरलेली ट्रॉली तशीच टाकून त्या बाहेर आल्या. मग ते पुन्हा झालं. मग पुन्हा होईल या भीतीनं रांग सुटली, भुयारी ट्यूब रेल्वे सुटली, मोटरवे सुटला. जीपीनं सगळ्या तपासण्या केल्या, हृदय ठणठणीत निघालं, आणि एक गोळी सुरू केली.

"कसली गोळी?" नामबाईंनी विचारलं.

वृंदाताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "झोपेची म्हणा."

नामबाईंनी पाकीट बघायला मागितलं. ती झोपेची नव्हती, अँग्झायटीचीच होती. वृंदाताईंनी ते पाकीट पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

खरी निकड वेगळीच होती. त्यांची एकुलती एक मुलगी रिया केंब्रिजला संशोधनात होती आणि तिला दिवस गेले होते. मार्चमधली तारीख होती. वृंदाताईंना तिच्या बाळंतपणाला जायचं होतं. महिनाभर राहायचं, तिला न्हाऊमाखू घालायचं, अळिवाची खीर करायची, बाळाला मांडीवर घ्यायचं. पण उन्हाळ्यात त्या तिच्याकडे दोन दिवस गेल्या होत्या, तेव्हा जेवताना त्यांना असाच झटका आला. रियानं घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली. पोटुशी पोर चार तास ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सीमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. तिला काय सांगितलं? पित्त झालं.

"तेव्हापासून मी येते म्हटलं की ती म्हणते, मम, वी विल मॅनेज," वृंदाताई म्हणाल्या. "मला मार्चपर्यंत बरं करा. बाकी मला काही नको."

नामबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग छातीच्या मधोमध एक बोट टेकवून किंचित दाबलं. वृंदाताई केवढ्यानं कळवळल्या. नामबाईंनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, "गॉलब्लॅडर दुबळं झालंय."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. कोरियन वैद्यकात धैर्याची जागा म्हणजे पित्ताशय. भित्र्या माणसाला ते 'पित्ताशय लहान आहे' म्हणतात. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण आपण शूर माणसाला 'वाघाचं काळीज' म्हणतो आणि खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृत देतो, हे आपल्या कधी लक्षात येत नाही. तर दचकून दचकून ज्याचं पित्ताशय गारठलंय, त्याला ऊब देणारा त्यांचा एक काढा आहे. मी वृंदाताईंना मराठीत सांगितलं, "त्या म्हणताहेत, पित्ताशय..."

"बघा!" वृंदाताई खुर्चीतून उठल्याच. "मी म्हणतच होते. पित्तच आहे!"

"अहो पित्त नव्हे, पित्ताशय. म्हणजे त्यांच्याकडे धीर जिथे राहतो ती जागा. तुम्हाला अँग्झायटी आहे हेच त्या त्यांच्या भाषेत सांगताहेत."

"हो, हो, कळलं मला," त्या म्हणाल्या. पण चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता. नामबाईंनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, की गोळी चालूच राहील, आम्ही काय देतोय हे जीपीला कळवलं जाईल, गोळीत काही बदल करायचा तर तो जीपीच करेल. वृंदाताईंनी दोन्ही वेळा मान डोलावली. आपल्याकडे मान डोलावण्याचे किती अर्थ होतात हे नामबाईंना कुठून माहीत असणार?

काढा सुरू झाला. दर पंधरा दिवसांनी त्या येत. झोप थोडी सुधारली. सुपरमार्केटमध्ये यजमानांबरोबर जाऊ लागल्या. मधल्या काळात मी एका हळदीकुंकवाला गेले होते, तिथे एका बाईनं मला सांगितलं, "वृंदाला शेवटी कोरियन डॉक्टरनंही पित्तच सांगितलं म्हणे. उगाच इथल्या जीपीनं मेंटलची गोळी दिली होती." मला चांगलाच राग आला. पण एका पेशंटबद्दल चारचौघींत तोंड उघडायचं नसतं, म्हणून मी वाण घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करणारच होते, तेवढ्यात त्या स्वतःच यजमानांचा हात धरून दवाखान्यात आल्या.

चालताना भिंत धरत होत्या. डोकं फिरतंय, मळमळतंय, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, छाती पुन्हा पहिल्यासारखी धडधडतेय. "शुभाताई, तुमचा काढा मला उष्ण पडला," त्या मला म्हणाल्या.

नामबाईंनी नाडीवर हात ठेवला आणि मला एवढंच म्हणाल्या, "गोळीचं विचार."

मी विचारलं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बंद केली. आठवडा झाला. पित्ताला कशाला हवी ती गोळी?"

यजमान दारात उभे होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं. नामबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. वृंदाताईंच्या पुढच्या काढ्याची पिशवी मी नुकतीच भरून ठेवली होती, ती त्यांनी उचलली आणि कपाटात बंद केली. आज जीपीकडे जाईपर्यंत आणि जीपी काय म्हणतात ते कळेपर्यंत इथून एक थेंबही मिळणार नाही, असं त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

"मग मी रियाकडे जाऊ कशी?" वृंदाताई ओरडल्या. "मार्च तोंडावर आला! तुम्हीच काढा बंद केलात तर मी जाऊ कशी?"

माझा स्वभाव तापट आहे, हे नवऱ्यानं आणि मुलांनी वेळोवेळी सांगितलेलं आहे. मीही आवाज चढवला. "वृंदाताई, पित्त पित्त काय लावलंय तुम्ही? दोन वर्षं या बाईला, त्या बाईला पित्त सांगताय. अशी गोळी एकदम सोडली की असंच होतं. तुम्हाला जो आजार आहे त्याचं नाव घ्यायला एवढं काय झालं?"

त्या खाली बसल्या. कोटाचं बटण फिरवू लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रियाला कळलं तर ती बाळ माझ्या हातात देणार नाही."

नामबाईंनी मला खुणेनं विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून वृंदाताईंच्या समोर घेतली, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बसून राहिल्या. मला ओरडल्याचं वाईट वाटलं असं नाही, कुणीतरी ओरडायला हवंच होतं. पण रिया बाळ देईल की नाही, हे मी कोण सांगणार? मग मी फोन उचलला, त्यांच्या जीपीच्या दवाखान्यात लावला आणि रिसेप्शनिस्टला इतकं पिडलं, की तिनं त्याच दुपारची अपॉइंटमेंट दिली.

पुढचे दिवस कठीण गेले. जीपीनं गोळी पुन्हा कमी डोसवर सुरू केली, बोलून उपचार करणाऱ्या बाईंशी गाठ घालून दिली. त्या बाई दर आठवड्याला व्हिडिओवर भेटत आणि गृहपाठ देत. आधी एकट्यानं रांगेत उभं राहायचं, मग एक स्टेशन ट्यूबनं जायचं, मग दोन. छाती धडधडली तरी उतरायचं नाही, ती ओसरेपर्यंत थांबायचं. जीपीची हरकत नाही असं कळल्यावर नामबाईंनी काढाही पुन्हा सुरू केला, पहिल्याहून सौम्य. घराबाहेर झोपण्याची भीती घालवायला वृंदाताई माझ्याकडे शनिवार-रविवार राहायला आल्या. झोप लागली की नाही हे मी विचारलं नाही. सकाळी उठून बघते तर पोहे तयार होते आणि माझ्या हिंगाच्या डबीची जागा बदललेली होती. मला त्याचा किती आनंद झाला!

त्या सावरल्या ते कशानं, असं मला लोक विचारतात. काढ्यानं किती, गोळीनं किती, त्या व्हिडिओवरच्या बाईंनी किती, हे मला खरंच सांगता येत नाही. वैद्यानं असं म्हणू नये, पण निवृत्त झाल्यावर खरं बोलायला हरकत नसावी. आमच्या काढ्यानं त्यांना झोप आली असेल. नामबाईंनी हात धरला त्याचाही काही गुण असेल. पित्ताशय गरम झालं की नाही, ते मी पाहिलेलं नाही.

मार्च लागला तेव्हा रियानं फोनवर "ओके मम, कम" म्हटलं, पण बेतानंच. यजमान नेऊन सोडणार आणि परत येणार होते. निघायच्या आधी वृंदाताई दवाखान्यात आल्या, तेव्हा नामबाईंनी त्यांच्या हातात वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं मोठं पाकीट ठेवलं. कोरियात बाळंतिणीला त्याचं सूप देतात. वृंदाताईंनी डिंकाचे लाडू आणले होते, त्यांतले चार नामबाईंना दिले. दोघींनी एकमेकींच्या वस्तूचा वास घेतला आणि दोघींनाही तो फारसा आवडलेला दिसला नाही.

"रियाला सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बाळंतपण तर होऊ दे."

सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्यांचं होतं.

मुलगी झाली. फोटो आला. नंतर बरेच दिवस काही कळलं नाही आणि मी ते चांगलं लक्षण मानलं. एके दिवशी सकाळी दवाखाना उघडत असताना फोन वाजला. वृंदाताईंचा आवाज दबका होता, पण थरथरत नव्हता.

"शुभाताई, बोराच्या बियांचा काढा अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतो का?"

"कुणाला, रियाला? काय होतंय?"

बाळ झोपलं तरी रिया झोपत नव्हती. पाळण्यापाशी उभं राहून बाळाचा श्वास चालू आहे ना, ते बघत राहायची. जेवणावर वासना नाही. जावई बाळाला घेऊन खाली गेला तरी ती मागोमाग धावायची. हात थरथरायचे. मी सरळ सांगितलं, की नामबाई न तपासता फोनवर कुणाला काही देणार नाहीत, त्यातून तान्हं बाळ. आधी जीपी, आणि आजच.

"झालं ते," वृंदाताई म्हणाल्या. "उद्या सकाळी जायचंय. त्यासाठी फोन नव्हता केला. तुम्हाला सांगायचं होतं."

आदल्या दिवशी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला घरी येऊन बघणारी नर्स, आली होती. बाळाचं वजन केलं, मग रियाला विचारलं, तू स्वतः कशी आहेस? वृंदाताई स्वयंपाकघरात खीर ढवळत होत्या. बाहेरून रियाचा हसरा आवाज आला. "ओह, आय ॲम फाइन. माय हार्ट जस्ट रेसेस अ बिट. इट्स अ फॅमिली थिंग, वी कॉल इट पित्त. मम हॅज इट टू."

"मी गॅस बंद केला," वृंदाताई म्हणाल्या. "बाहेर गेले. हातात तसाच डाव होता. त्या बाईला म्हटलं, इट इज नॉट पित्त. मी हिला खोटं सांगितलं. मला अँग्झायटी डिसऑर्डर आहे, मी त्याची गोळी घेते. समरमध्ये ॲम्ब्युलन्स आली होती ती त्यासाठीच. माझ्या मुलीकडे नीट बघा, हिलाही तसंच होतंय, मला ओळखता येतं."

मी विचारलं, "मग?"

"ती बाई खूप चांगली होती हो. बसली, सगळं विचारलं, तिथूनच फोन करून अपॉइंटमेंट घेतली. ती असेपर्यंत रिया माझ्याकडे नुसती बघत होती. मला वाटलं, संपलं आता. बाई गेली. दार लागलं. रियाच्या मांडीवर बाळ होतं. मला म्हणाली, आई, तुला पण असा भीती वाटतो?"

त्या पुढे सांगू लागल्या.

"एरवी मी लगेच म्हटलं असतं, असा नाही गं, अशी. भीती वाटते. लहानपणापासून सांगतेय तिला. काल नाही म्हटलं. मी म्हटलं, हो, वाटते. खूप वाटते. ती म्हणाली, मला वाटलं मी एकटीच वेडी होतेय."

"आणि मग?"

"मग तिनं बाळ माझ्या हातात दिलं," वृंदाताई म्हणाल्या, "आणि तिथेच सोफ्यावर झोपली."